बोंडाऱ्याच्या वाटेचा रेकॉर्ड

पळणारी माणसं ठमीला मुळातच आवडायची नाहीत. मागे वाघ नाही, पोलीस नाही, एसटीही सुटत नाही, आणि तरी हे मेले दर रविवारी तोंडाला फेस येईस्तोवर पळतात कशाला, हे तिला तीन वर्षांत कळलं नव्हतं. बरं, पळायचं तर पळा! पाय तुमचे, घाम तुमचा. पण डोक्यावर लाकूडफाट्याचा भारा घेतलेल्या बाईच्या मागून येऊन "साईड! साईड!" ओरडायचं, हे कुठलं शहाणपण? वाट दीड हात रुंद. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला घाणेरीची जाळी. साईड द्यायची म्हणजे भाऱ्यासकट काट्यात उतरायचं. ठमी उतरायची, आणि उतरताना अशा शिव्या द्यायची की तिचा बाप बुधाजी कानावर हात ठेवायचा.

वाट बोंडाऱ्याची. बारवीच्या रस्त्यावर चंदरची चहाची टपरी आहे, तिथून ती सुटते आणि दोन किलोमीटर चढून उंबरवाडीत ठाकरांच्या घरांपाशी पोचते. मध्यावर मोठं वळण आहे आणि वळणावर बोंडाऱ्याचं जुनं झाड, म्हणून बोंडाऱ्याची वाट. ठमीची आजी तिच्यावरून नवरी होऊन वर आली. ठमी स्वतः तिच्यावरूनच नवऱ्याच्या घरी गेली आणि चार वर्षांनी त्याचं थोबाड कायमचं सोडून तिच्यावरूनच परत आली. आता आठवड्यातून तीनदा ती काकड्या, करटुली, चवळीच्या शेंगा, जे असेल ते पाटीत घालून उतरायची आणि मांजर्लीच्या नाक्यावर बसून विकायची.

पळणाऱ्यांचा म्होरक्या हरेश, सिंधी शेट. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात त्याचा जीन्स शिवायचा कारखाना होता. चाळिशीत डॉक्टरने शुगरची भीती घातली तेव्हा तो चालायला लागला, मग पळायला लागला, आणि मग त्याच्या अंगात आलं ते आलंच. वर्षातून एकदा कोकणात समुद्रकाठी जायचा, ओल्या वाळूतून आणि सुरूच्या बनातून पळायचा, आणि तिथला निळा टी-शर्ट वर्षभर अंगावर मिरवायचा. बाकीचे रविवार बोंडाऱ्याची वाट. बरोबर दहाबारा जण, सगळ्यांचे पोपटी बूट, मनगटावर पाटीएवढी घड्याळं. बोंडाऱ्यापासून टपरीपर्यंतचा उतार हरेशने एकदा पाच मिनिटं चाळीस सेकंदांत मारला होता. तो आकडा ठमीला पाठ होता, कारण दर रविवारी टपरीवर चहा फुंकत तो सगळ्यांना तेच सांगायचा. "पाच चाळीस! संक्रांतीचा दिवस होता. क्या दिन था, साईं! अजून कोणाच्या बापाला तुटला नाही." चंदरची बकरीसुद्धा ऐकून कंटाळली असेल.

त्याच संक्रांतीला त्याने वर जाताना बायांचा फोटो काढला होता. ठमी, तिची भावजय काशी आणि आणखी चौघी, डोक्यावर भारे, त्याला साईड देऊन काट्यात उभ्या. ठमी तिथल्या तिथे खवळली होती. "कुणाला इचारून काढला रे? जत्रेतली म्हैस हाये का मी?" हरेशने हसत हसत मोबाईल दाबला आणि म्हणाला, "डिलीट केला ताई, टेन्शन नको." नंतर त्याने बोंडाऱ्याला खिळे ठोकून पाटी लावली, "हरेश ट्रेल". झाडाला खिळे ठोकणाऱ्या माणसाबद्दल ठमीचं मत त्या दिवशी कायमचं ठरलं.

पण हरेश म्हणजे नुसता चावरा डास. खरा साप निघाला साईनाथ.

वाट उतरते ती खालच्या अंगाला साईनाथच्या जमिनीतून. त्याचा आजा आणि ठमीचा आजा एकमेकांच्या शेतात लावणीला जायचे. नातवाने जमिनींचा धंदा काढला, गळ्यात साखळी घातली आणि वैशाखात सिमेंटचे खांब पुरून तारेचं कुंपण ओढलं. वाटेवर लोखंडी गेट, गेटला हाताएवढं कुलूप. आत फार्महाऊसचे प्लॉट पडायचे होते. बुधाजी हात जोडून गेला तर साईनाथ म्हणाला, "काका, कसली वाट? ही माझी खाजगी जमीन आहे. तुम्ही ओढ्याकडून जा ना, मोकळी हवा आहे."

ओढ्याकडून म्हणजे डोंगराला वळसा, दीड तास, आणि पावसाळ्यात कमरेएवढं पाणी. श्रावणात वाडीतल्या चंदूला फुरसं जातीचा साप चावला. देऊने, ठमीच्या भावाने, आणि तिघांनी त्याला झोळीत घालून ओढ्यातून नेलं. दवाखान्यात पोचेस्तोवर अडीच तास गेले. चंदू वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली कापला. काशीने ती झोळी निघताना पाहिली होती आणि चंदूला परत आलेला पाहिला होता. काशीला तेव्हा सातवा होता. त्या दिवसापासून ती रात्री उठून बसायची आणि ठमीला विचारायची, "वन्स, मला कुठून नेणार?"

आणि याच काळात दर रविवारी सकाळी सहाला गेट उघडायचं! हरेशच्या टोळीसाठी. साईनाथने त्याला चावी दिली होती, कारण डिसेंबरात हरेश मोठी शर्यत भरवणार होता आणि साईनाथ तिला टी-शर्ट, मंडप, सगळं देणार होता. प्लॉट विकायला बरं पडतं म्हणे, शर्यत असली की. पळून झालं की पुन्हा कुलूप. एका रविवारी ठमी पाटी घेऊन गेटपाशी उभी राहिली. हरेश कुलूप लावत होता.

"शेट, मला जाऊ दे. उघडंच हाये."

"ताई, माझ्या हातात काय नाही. साईनाथभाईने सांगितलंय, सिर्फ रनर्स."

"मग मी पळत जाते," ठमी म्हणाली.

त्याची माणसं हसली. हरेशही हसला आणि चावी खिशात टाकून निघून गेला. ठमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पाटी घेऊन दीड तास ओढ्याने गेली आणि मांजर्लीला पोचली तेव्हा काकड्या चेमटल्या होत्या.

बुधाजीने तहसीलदारांकडे अर्ज केला. वहिवाटीची वाट अडवली, मोकळी करून द्या. गणपती गेल्यावर गुरुवारी पाहणीला मंडळ अधिकारी सुनंदा मॅडम आल्या. पन्नाशीच्या, चिखलात बूट रुतले तरी न कुरकुरणाऱ्या. गेटपाशी खुर्ची नव्हती म्हणून दगडावर बसल्या, मांडीवर फाईल घेतली आणि म्हणाल्या, "बोला. एकेकाने."

बुधाजी बोलला. आजापणजापासूनची वाट. मॅडमनी विचारलं, काही कागद? नव्हता. फोटो? देऊच्या मोबाईलमध्ये लग्नातले फोटो होते, बैलांचे होते, काशीचे वीसएक होते. रोज पायाखालच्या वाटेचा फोटो कोण काढतो? शेजारच्या वाडीचे साक्षीदार? ते सगळे साईनाथच्या साइटवर कामाला. त्या दिवशी नेमका एकालाही वेळ नव्हता.

मग साईनाथ. इस्त्रीचा शर्ट, तोंडात मध. "मॅडम, मी खोटं कशाला बोलू? इथे वाट दिसतेय, मी नाही म्हणत नाही. पण ही वाट कोणी पाडली? या पळणाऱ्या लोकांनी. यंदा चैत्रात मी त्यांना परवानगी दिली, झाडी काढून दिली, तेव्हा पडली. त्याआधी इथे नुसतं रान होतं. वाडीची माणसं पहिल्यापासून ओढ्याने जातात. आता तयार वाट दिसली म्हणून हक्क सांगतायत. हरेशभाई, सांगा तुम्हीच."

हरेश भर गुरुवारी कारखाना सोडून आला होता, तोच निळा टी-शर्ट घालून. त्याने ठमीकडे बघितलं नाही. घड्याळाचा पट्टा फिरवत म्हणाला, "हां मॅडम. यंदाच सुरू केलं आम्ही. साईनाथभाईच्या परमिशनने. पहिले इथे… जंगलच होतं."

देऊ पुढे झाला. त्याच्या मुठी वळल्या होत्या. साईनाथला हेच हवं होतं. दोन पोरं गाडीपाशी उभी करून ठेवली होती त्याने, मोबाईल वर धरून. देऊचा एक हात उठला असता की पाहणी संपली आणि पोलीस ठाणं सुरू! बुधाजीने लेकाचा दंड धरला. मॅडमनी पेनचं टोपण काढलं आणि लिहायला लागल्या.

ठमी त्या पेनाकडे बघत राहिली. हे लिहून झालं की संपलं. वर काशी नवव्याचं पोट घेऊन दारात बसली असेल, वाटेकडे डोळे लावून. ओढ्याला अजून कमरेएवढं पाणी आहे. चंदूचा निदान पायच गेला, काशीच्या बाबतीत दोन जीव. खरं सगळ्यांना माहीत आहे, साईनाथला, या शेटला, टपरीवरच्या चंदरला, आणि कागदावर मात्र रान होतं!

तिने हरेशकडे बघितलं. तो मनगट वळवून घड्याळ बघत होता. इथेही! माणूस खोटी साक्ष देतो आणि तेवढ्यात पावलं मोजतो! ठमीच्या डोक्यात तिडीक गेली, शिवी ओठावर आली, आणि आली तशी तिने ती गिळली. आयुष्यात पहिल्यांदा गिळली असेल. कारण तिला संक्रांत आठवली होती.

ती मोठ्याने हसली. सगळे बघायला लागले.

"मॅडम, या शेटचं काय लिहिताय?" ती म्हणाली. "हा काय पळतोय! गाडीने येतो, टपरीवर भजी खातो, गाडीने जातो. पोट बघा त्याचं."

"ओ ताई, तोंड सांभाळून," हरेश म्हणाला.

"मी बघितलाय ना. बोंडाऱ्यापर्यंत येतो, कुल्ल्यावर बसतो, जीभ बाहेर काढतो. मग हळूहळू उतरतो. म्हातारा बैल बरा."

साईनाथच्या पोरांपैकी एक फिसकन हसला. हरेशचे कान लाल झाले. "मॅडम, मी हाफ मॅरेथॉन केलीय. समुद्रावर, वाळूत, एकवीस किलोमीटर! ही बाई काय पण बोलते."

"वाळूतलं आमी कुठं बघितलं? इथलं बोला. बोंडारा ते टपरी किती वेळ लागतो तुमाला?"

"पाच चाळीस!" हरेश म्हणाला. बंदुकीतून सुटावं तसं सुटलं तोंडातून.

"खोटं."

"हरेशभाई, जाऊ द्या ना," साईनाथ म्हणाला. "तिच्या काय नादी लागता."

"साफ खोटं," ठमी म्हणाली. आता ती कमरेवर हात ठेवून उभी होती आणि नाक्यावर गिऱ्हाईक हाकलतानाचा आवाज लावला होता. "मॅडम, या वाटेने पाच चाळीसमध्ये माणूस उतरूच शकत नाय. यंदा पावसाने दरड सुटलीये, दगड मोकळे झालेत. आमी जल्मापासून उतरतोय, आमाला नाय जमत, आणि हा कॅम्पातला शेट उतरणार? टपरीवर येडी माणसं भेटतात, त्यांना थापा मारतो. पाच चाळीस म्हणे! धा मिनिटं लागतात याला. मी झाडाआडून मोजलीत."

"दहा?" हरेशचा आवाज फाटला. "दहा मिनिटं? मी?"

"हरेश," साईनाथ म्हणाला. भाई गळून पडलं होतं.

पण हरेशला आता साईनाथ ऐकू येत नव्हता. तीन वर्षं ज्या एका आकड्यावर हा माणूस सकाळी उठत होता, तो आकडा एक भाजीवाली चार लोकांत खोटा म्हणत होती. त्याने खिशातून मोबाईल काढला. "थापा मारतो काय मी? थांब. सगळं रेकॉर्ड आहे. जीपीएस आहे. मॅडम, तुम्हीच बघा. सॅटेलाइट खोटं बोलतं काय?" तो दगडापाशी उकिडवा बसला आणि मोबाईल मॅडमच्या फाईलवर ठेवला. "हे बघा. हरेश ट्रेल, बोंडारा ते टपरी. पाच मिनिटं, चाळीस सेकंद. हा नकाशा, ही लाल रेघ, ही पूर्ण वाट. आणि हा एकच दिवस नाही, एकशे तीस वेळा पळालोय इथे! दर रविवारी! हिला सांगा."

सुनंदा मॅडमनी चष्मा वर सरकवला. मोबाईल हातात घेतला.

"ही तारीख जानेवारीची आहे," त्या म्हणाल्या.

"हो ना. संक्रांत."

"पण वर्ष यंदाचं नाही. पावणेतीन वर्षं झाली याला."

हरेशने मान वळवून साईनाथकडे बघितलं, आणि साईनाथने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की डिसेंबरातली शर्यत, मंडप आणि टी-शर्ट तिथल्या तिथे वाहून गेले.

"मॅडम, तेव्हा… तेव्हा ते चोरून पळत असतील," साईनाथ म्हणाला. "रानातून."

"रानातून पाच चाळीस?" मॅडम म्हणाल्या. त्यांचा अंगठा मोबाईलवर सरकत होता. "आणि त्याच दिवसाखाली हा फोटो आहे. कोणी लावलाय?"

ठमी वाकली. फोटोत बोंडाऱ्याचं वळण होतं, झाडाला अजून पाटी नव्हती. लाल मातीची घासून गुळगुळीत झालेली वाट मधोमध. आणि काट्यात उतरून उभ्या राहिलेल्या सहा बाया, डोक्यावर भारे. सगळ्यांत पुढे ठमी स्वतः, कॅमेऱ्याकडे असं बघतेय की गिळूनच टाकील. तिच्या मागे काशी, नवीन लग्न झालेली, हातभर हिरवा चुडा.

"डिलीट केला म्हणालास ना रे?" ठमी म्हणाली.

हरेशने मोबाईल परत घ्यायला हात पुढे केला.

"खोटारड्या," ती म्हणाली. पण या वेळेला तिला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती बोंडाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.

मॅडमनी आधी लिहिलेलं पान उलटलं आणि नव्याने लिहायला घेतलं. देऊला मोबाईलमधल्या पानांचे फोटो घ्यायला लावले, हरेशची सही घेतली. मग साईनाथला म्हणाल्या, "अहवाल तहसीलदारांकडे जाईल, आदेश ते काढतील. पण वाडीत पूर्ण दिवसांची बाई आहे असं अर्जात लिहिलंय. तोपर्यंत या गेटला कुलूप लागलं आणि काही झालं तर मी स्वतः साक्ष देईन. कुलूप काढा. आत्ता, माझ्यासमोर."

साईनाथने कुलूप काढलं आणि गवतात भिरकावलं. जाताना तो ठमीच्या जवळून गेला आणि हळू म्हणाला, "ठमे, वाट मिळाली. आता खाली बाजारात बसून दाखव."

"बसते की," ठमी म्हणाली. "तुझ्या आयशीला काकड्या मीच देते. तिला सांग, रविवारी येते."

शेवटी मॅडमनी सही करायला कागद पुढे केला. ठमी सातवीपर्यंत शिकलेली, सही करण्याआधी वाचायची. वाचता वाचता थांबली. वाटेचं नाव लिहिलं होतं, "हरेश ट्रेल (बोंडाऱ्याची वाट)".

"हे काय? याचं नाव कशाला? वाट आमची!"

"पुरावा त्या नावाने आहे, ठमीबाई," मॅडम थकल्या आवाजात म्हणाल्या. "मोबाईलमधलं नाव आणि कागदावरचं नाव जुळलं नाही तर उद्या ह्यांचा वकील म्हणेल ही वाट वेगळी आणि ती वाट वेगळी. मी तुमचं नाव कंसात घेतलंय. सही करा."

कंसात! आजीची वाट, पणजीची वाट, कंसात. ठमीने पेन इतकं दाबून धरलं की कागद थोडा फाटला. पण सही केली. काशीसाठी केली.

रविवारी पहाटे काशीला कळा सुरू झाल्या. पाणी फुटलं तसं वाडीतल्या सुईण म्हातारीने सांगितलं, पोर आडवं आहे, इथे हात लावायचा नाही. देऊने बांबूला चादरीची झोळी बांधली. चौघांनी खांदे दिले. ठमी पुढे, हातात कोयता, लोंबणाऱ्या फांद्या तोडायला. काशी झोळीत ओरडत होती आणि मध्येच गप्प व्हायची, आणि ती गप्प झाली की ठमीचा जीव जास्त उडायचा. ती सारखी मागे वळून बोलत होती. "झालं गं. बोंडारा आला. बघ, आलाच."

बोंडारा आला आणि वळणाखालून आवाज आला, सवयीचा, न बघता मारलेला.

"साईड! साईड!"

ठमी वळणावर कोयता घेऊन उभी राहिली. खालून हरेश येत होता, मान खाली, पोपटी बूट, मागे अकरा जण. त्याने मान वर केली आणि त्याला ती दिसली. तिच्या मागे बांबू, बांबूला झोळी, झोळीतून बाहेर लोंबणारा एक हात.

"साईड," ठमी म्हणाली.

ती ओरडली नाही. ओरडायची गरजही नव्हती. हरेशने एकदा दरडीकडे बघितलं, एकदा घाणेरीकडे, आणि काट्यात उतरला. मागचे अकरा एकामागून एक उतरले. कुणाचा पाय खरचटला, कुणी "आई गं" म्हणालं. झोळी त्यांच्या समोरून गेली तेव्हा सगळे बाया उभ्या राहायच्या तसेच उभे होते, अंग चोरून. हरेशच्या मनगटावरचं घड्याळ टुं टुं करत होतं. त्याने ते बंद केलं नाही.

पन्नास पावलं खाली गेल्यावर ठमीला आठवलं. रविवार. सकाळचे साडेसहा. टपरीवर या वेळेला रिक्षा नसते.

ती वळली. "ए शेट! गाडी आणलीस का?"

"आणलीय," वरून आवाज आला.

"मग पळ की! एरवी पळतोस!"

आणि हरेश पळाला. काट्यांतून निघून, झोळीच्या वरच्या अंगाने दरडीला धरत, दगड उडवत, त्यांना ओलांडून खाली गेला. टपरीपाशी झोळी पोचली तेव्हा गाडीचं मागचं दार उघडं होतं, इंजिन चालू होतं आणि हरेश गुडघ्यांवर हात ठेवून खोकत होता. निळा टी-शर्ट काट्यांनी फाटला होता. त्याने सीटवर काही अंथरायला हवं म्हणून इकडेतिकडे बघितलं. ठमी म्हणाली, "सीट धुता येते," आणि काशीला आत घेतलं. बदलापूरच्या दवाखान्यापर्यंत काशी ओरडत होती, आणि हरेश खड्डा आला की "सॉरी" म्हणत होता.

ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, मुलगी आहे, आणि म्हणाल्या, अजून अर्धा तास गेला असता तर दोघींचं सांगता आलं नसतं. देऊ भिंतीला टेकून मटकन खाली बसला. ठमीने हिशोब केला. ओढ्याने आणलं असतं तर ही झोळी आत्ता कुठे पाण्यात असती. खाली उतरून बघितलं तर हरेशची गाडी गेली होती. आभार मानायचे राहिले, आणि खरं सांगायचं तर तिला मानायचेही नव्हते.

काशी घरी आली त्या आठवड्यातल्या रविवारी हरेश एकटाच आला. टोळी नव्हती. साईनाथने शर्यतीतून हात काढून घेतला होता आणि शर्यत बुडाली होती. बोंडाऱ्यापाशी येऊन तो थांबला. झाडावर खिळ्यांची चार भोकं होती. पाटी नव्हती. वरून ठमी येत होती, डोक्यावर काकड्यांची पाटी. तिला बघून तो काट्यात उतरला.

ठमी त्याच्या समोरून गेली. चार पावलं पुढे गेल्यावर मागून आवाज आला.

"ताई, माझा बोर्ड?"

"बाळंतिणीचं पाणी तापवायला घातला," ठमी म्हणाली. पाटी डोक्यावर असल्यामुळे तिला मान वळवता येत नव्हती, आणि वळवायचीही नव्हती. "प्लायचा होता. धूर लई झाला."